आत्याच्या टेपचा क्रम

शिवणवाल्या आत्याचा तोरा काही विचारू नका! चाळीस वर्षं मशीन चालवता चालवता तिने रद्दीतून, फेरीवाल्यांकडून निवडून बाराशे पुस्तकं जमवली होती. आता डोळ्यांनी दगा दिला, घरही लहान घ्यायचं ठरलं, म्हणून पुस्तकं वाचनालयाला द्यायची होती. ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे माणसं नाहीत, आजी. विषयवार दशांश वर्गीकरणाचे आकडे टाकून पुस्तकं क्रमाने लावा. तीन आठवड्यांनी, शनिवारी मी स्वतः शोधून बघेन. सापडली, तर तुमच्या नावाने कपाट करू." नाही सापडली, तर रद्दीवाला होताच.

भाचीने कंबर कसली. टपाल कचेरीत पत्रं लावणारी पोर ती, तीन आठवडे खपून तिने प्रत्येक पुस्तकावर आकडा चिकटवला. आत्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून कपाटं दाखवत होती.

शनिवारी बाईंना पहिली दोन पुस्तकं पटकन मिळाली. तिसरं ओझं ओढणाऱ्या घोड्यांचं होतं, ६३६.१५.

"इथे नाही," बाई म्हणाल्या.

"आहे की! कुत्र्यांच्या पुढे. ६३६.७, मग ६३६.१५. आधी सात, मग पंधरा," भाची म्हणाली.

"मग सगळीकडे असंच लावलंय?" बाईंनी पर्स उचलली. भाचीचा चेहरा पडला. क्षणभरच.

"अगं, ही काय गल्ली आहे? सात नंबरचं घर आधी नि पंधराचं नंतर?" आत्याने गळ्यातला टेप काढला. "छत्तीस पॉइंट सात सेंटिमीटर दाखव. आता छत्तीस पॉइंट पंधरा."

भाचीचं बोट मागे सरकलं. तिने जीभ चावली. "अय्या! पंधरा आधी येतं!"

"बाई, एक तास बसा. चहा घ्या," आत्याने फर्मावलं.

मग काय! भाची चुकलेल्या जागचे आकडे वाचायची नि आत्या सांगायची, हे इकडे, ते त्याच्या मागे. एकदाही अडखळली नाही. तासाभराने बाईंनी तीनच नव्हे, दहा पुस्तकं शोधली. दहाच्या दहा जागेवर!

"कपाटावर काय लिहू?" बाईंनी विचारलं.

आत्याआधी भाचीच बोलली. "शिवणवाल्या आत्याचा संग्रह. नि खाली लिहा, क्रम तिनेच लावलाय."

आत्याने टेप पुन्हा गळ्यात टाकला. "मापात चूक मी कधी खपवून घेतली नाही," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.