एगैलातला दूध पिणारा दगड

आखातातल्या एगैलात अंजूच्या फ्लॅटबाहेर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत पोचला होता. आत चौरंगावर एक तांबूस, खडबडीत दगड आणि शेजारी रेशमी जाकिटातले आचार्य रोमानंद. लोक रांगेने चमच्याने दूध घालत होते आणि दूध दगडावर पडताच गडप होत होतं. ताटात थेंबही नाही!

"इटलीतलं हजारो वर्षांचं डोंगरगाव!" आचार्य गरजले. "तिथले प्राचीन एत्रुस्कन लोक म्हणजे कोण? अत्री ऋषींचे वंशज! हा त्यांच्या शिवालयातला नंदी. दूध थेट कैलासात, आणि भक्ताचा आजारही त्याच वाटेने!"

चारुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती शाळेत इतिहास शिकवायची आणि तसली गावं हिंडून आली होती. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडात एत्रुस्कनांनी थडगी कोरली, विहिरी खोदल्या. एवढं अस्सल वैभव सोडून हा बाबा थापा मारत होता! तेही तिने सोसलं असतं. पण रांगेत तिचा नवरा विश्वास उभा होता. बाबाच्या सांगण्यावरून त्याने परवापासून इन्सुलिन बंद केलं होतं. ओठ सुकले होते, सारखा पाणी पीत होता.

"समजावून समजावून थकले रे मी," ती म्हणाली. "चल, डॉक्टरांकडे जाऊ."

"मग एवढं दूध जातं कुठे? तूच सांग."

"मला विचारतोस? रिफायनरीत भट्टीच्या विटा पास कोण करतं? वीट किती पाणी पिते, कसं ठरवतोस?"

"वजन करून. आधी कोरडी, मग भिजवून," विश्वास सवयीने बोलून गेला आणि दगडाकडे निरखून पाहू लागला. वजन केल्याशिवाय साधी वीट न घेणारा हा इंजिनिअर इथे चपलांबरोबर अक्कलही बाहेर काढून आला होता.

चारुताने अंजूच्या स्वयंपाकघरातून केकचं सामान मोजायचा काटा आणला. "स्पर्श करू नका, कोप होईल!" आचार्य ओरडले, तोवर विश्वासने दगड काट्यावर ठेवलासुद्धा. तो चमचा चमचा दूध घालू लागला. प्रत्येक चमच्याला आकडा वाढला आणि वाढलेलाच राहिला. शेवटी दगडाच्या कडेने दूध ओघळलं.

"कैलासात कुठलं? दूध दगडातच आहे," विश्वास पुटपुटला. "सगळा सच्छिद्र आहे. भरला की संपलं."

"पण आचार्य दर तासाला नंदीला विश्रांती द्यायला आत नेतात," अंजू म्हणाली आणि तिने त्यांची आतली झोळी आणून उघडली. तसेच आणखी दगड. काही कोरडे, काही ओले. नासक्या दुधाचा भपकारा सुटला.

आचार्य जाकीट सावरत दाराकडे सरकले. तरीही रांगेतले हरीशभाऊ म्हणालेच, "वहिनी, शेवटी श्रद्धा असते हो प्रत्येकाची."

"असू द्या ना! देवाला हात जोडा, मीही जोडते," चारुताचा आवाज चिरकला. "पण औषध बंद करा म्हणणाऱ्याला एक तरी प्रश्न विचारा! इथे निम्मे इंजिनिअर आहात. कारखान्यात वापरता ती बुद्धी घरच्या माणसासाठी का नाही वापरत?"

विश्वासने खिशातून गाडीची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

"हॉस्पिटलला चल," तो म्हणाला. "गाडी तूच चालव. मला सकाळपासून सगळं धूसर दिसतंय."