दोरीवरची जर्सी

माझा नवरा दिंको क्रोएशियाच्या फुटबॉल संघातून निवृत्त झालेला. आता कोचने त्याला परत बोलावलं होतं. अडतिसाव्या वर्षी, तो दुखरा गुडघा घेऊन! आठवडाभर त्याचं ठरत नव्हतं आणि माझा जीव टांगणीला. त्यातच बाळ दिंकोच्या राष्ट्रीय संघाच्या जुन्या, लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या जर्सीवर दूध ओकलं. मी ती धुऊन खिडकीबाहेर दोरीवर टाकली, एवढंच.

"अगं बाई, दिंको परत खेळतोय!" समोरच्या तेरेझाकाकू ओरडल्या. अख्खी गल्ली टाळ्या पिटायला लागली. पाव आणायला गेलेला दिंको गालभर पापे आणि फुकटचे मासे घेऊन परतला.

"तू सांगितलंस यांना?"

"मी फक्त धुतली रे!"

तो हसत सुटला. मलाही आवरेना.

"वाळली का गं?"

"गुडघ्याला पट्टा बांधणार असशील, तर वाळली!"