दोन व्याह्यांचे दोन स्विच

आमगावात आमचं केबलचं काम आहे. मालक दोन: माझे सासरे उदारामजी आणि माझे वडील योगराजजी, म्हणजे बाबूजी. व्याही, आमच्या बोलीत इवाई, भागीदार झाले की धंद्याकडे लक्ष कमी आणि मानपानाकडे जास्त. जेवायला बसले की "आधी तुमी, इवाई," "नाई इवाई, आधी तुमी," इतका वेळ चालतं की वरण गार होतं आणि वाढणारी मी ताटकळत उभी राहते.

इंजिनियर मी. पण दोघांच्या लेखी दुर्गेश्वरी अजून पोरगीच. म्हणून शंकरपटाआधी अट पडली. बैलजोड्यांची शर्यत घरोघरच्या टीव्हीवर न तुटता दिसली, तर नेटवर्कचा कारभार माझा. एकदा जरी बंद पडली, तर नागपूरचा एक माणूस पगारावर येणार. त्याच्याशी बोलणंही झालं होतं. मला हा कारभार हवा होता, अगदी मनापासून हवा होता.

सगळी यंत्रं आमच्या घराच्या माडीवर. त्यात दोन मोठे स्विच, म्हणजे चॅनलं गावोगाव पाठवणाऱ्या पेट्या, एक सासऱ्यांनी घेतलेला, एक बाबूजींनी. मी त्यांची जोडी जुळवली. पटाचं चित्र मैदानातून एकदाच येतं आणि ज्या गावांनी ते चॅनल लावलं तेवढ्यांनाच वाटलं जातं. याला मल्टिकास्ट म्हणतात. वाटायचं काम एकाच स्विचचं. दोघंही वाटू लागले तर चित्र दुप्पट येऊन फाटतं. म्हणून दुसरा सगळं ऐकत गप्प उभा राहतो आणि पहिला पडला की लगेच काम उचलतो. मी वायर उपटून पाहिली, वीज तोडून पाहिली. टीव्हीवर कोणाला पत्ताही लागला नाही.

पण पहिला कोणाचा? बाकीची चॅनलं मी दोघांत अर्धी-अर्धी वाटली. पटाचं चॅनल मात्र एकच, ते सासऱ्यांच्या स्विचवर ठेवलं. बाबूजी म्हणाले, "बरं केलीस. पोरीच्या बापानं मागंच राहावं." सासरे दोन्ही स्विचकडे आळीपाळीने पाहत होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पटाच्या दिवशी मी मैदानावर कॅमेऱ्यांपाशी होते आणि दोघे व्याही मांडवातल्या सोफ्यावर. पहिली जोडी सुटायच्या बेतात होती, तेवढ्यात घरून सासूबाईंचा, रुख्मिणीबाईंचा, फोन आला. "काऊन वो, टीव्हीत काईच दिसून नाई राहिलं."

लॅपटॉपवर पाहिलं तर दोन्ही स्विच मेलेले. एक पडेल हे मी धरूनच चालले होते. दोन्ही एकदम पडायला माडीवर वीज कोसळायला हवी, आणि आभाळ तर स्वच्छ होतं.

मी मांडवात सासऱ्यांकडे धावले. "मामाजी, माडीवर गेले होते का तुमी?"

त्यांनी मला बाजूला घेतलं. "हळू बोल. मी माझीवाली बंद करून आलो. इवायाची मशीन मागं हुबी राहते, मले बरं नाई वाटलं. आज त्यायचीच चालू दे."

मी बाबूजींना गाठलं. तेही कानाशीच बोलले. "मी माझीवाली बंद केलो. मधातच उठली न त्यायचा मान घेतली, तं लोक का म्हनतीन?"

मला रडावं की ओरडावं कळेना. यंत्र बिघडेल, वायर तुटेल, वीज जाईल, या सगळ्याचा बंदोबस्त मी केला होता. भलेपणाचा बंदोबस्त मला कोणी शिकवला नव्हता.

"मामीजी," मी फोनवर सासूबाईंना म्हटलं, "माडीवर जा. भिंतीवर दोन बटनं आहेत, ती चालू करा."

त्या वर गेल्या आणि थांबल्या. "पयले कोनाचं करू?"

"कोणाचंही करा."

"कोनाचंही कसं? उद्या मलेच बोल लागंन."

शेवटी त्यांनी फोन खाली ठेवला आणि दोन हातांनी दोन्ही बटनं एकदम दाबली. स्विच जागे व्हायला वेळ घेतात. तोवर कितीतरी जोड्या पळून गेल्या आणि आमच्या ऑफिसचा फोन शिव्यांनी तापला.

संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून दोघे बसले.

"चूक माझी, इवाई."

"नाई इवाई, तुमची कायले? माझी."

कोणी हटेना. दोषही दोघांना आपल्याच पानात वाढून हवा होता. मी बराच वेळ ऐकलं, मग मध्ये पडले. "भांडू नका, चूक दोघांचीही आहे. मशीनीत काही खोट नव्हती, म्हणजे अट मी हरले नाही. आता त्या नागपूरवाल्याले येऊ नको म्हणून कोण सांगते?"

त्यांनाही ते पटलं होतं, पण फोन करायला कोणीच पुढे होईना.

"तुमी लावा, इवाई."

"नाई, नाई. मोठे तुमी, तुमीच लावा."

फोन मी लावला. त्या माणसाने विचारलं, "मग तिथला कारभार आता कोण पाहणार?"

"मी," मी म्हटलं, आणि खुर्च्यांकडे न पाहताच फोन ठेवला.