साहेबांसमोर वाजलेला रूळ

साहेब, लंकाबाई तुमच्या तपासणीनं मेली. हे मी तोंडावर सांगतो, कारण मला ना नोकरी आहे, ना बढती हवी आहे.

मित्रांनो, मी रुळाचा एक गंजका तुकडा आहे. भट्टीतून निघालो तेव्हा वाटलं होतं, जन्मभर अंगावरून आगगाडी जाईल. दौंड-मनमाड मार्गावर ती गेलीही. मग झिजलो, म्हणून मला कापून गवतात फेकलं. बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावच्या बाजूला पाझर तलावाचं काम निघालं. तिथल्या मुकादमानं, आबासाहेबांनी, मला उचलून आणलं आणि बांधाजवळ लाकडी बल्ल्यांना तारेनं टांगलं. काम साधं होतं. सुरुंगाची वात पेटवण्याआधी मला बडवायचं. माझा आवाज ऐकून नाल्यात खडी फोडणाऱ्या बायांनी आडोशाला पळायचं.

कचेरीतून साहेब तपासणीला आले. जीप थांबताच बायांनी हातोडे खाली ठेवले आणि पदर सावरून उभ्या राहिल्या. आबासाहेबांनी मला बडवलं. आवाज टेकडीला लागून परत आला.

"वा, खणखणीत आहे," साहेब म्हणाले.

मी फुगलो. रूळ झाला तरी कौतुक कुणाला नको असतं?

नाल्यात लंकाबाई आपल्या जावेला, कडूबाईला म्हणाली, "सायेब रोज याया पायजे बाई. तेवढाच हाताला इसावा."

"गप. मुकादम बघतोय."

जीप गेली आणि सगळे हातोडे एकदम सुरू झाले. दगडावर लोखंड. मीही लोखंडच. त्या गदारोळात मी आणखी एक हातोडा.

त्याच आठवड्यात सुरुंगाच्या कामावरच्या सहादेवनं खडकात सुरुंग भरला. आबासाहेबांनी मला बडवलं. मध्ये बांध असल्यामुळे नाला त्यांना दिसत नव्हता. थोडं थांबून त्यांनी हात केला आणि सहादेवनं वात पेटवली. तिकडून कुणी ओरडलं नाही, म्हणजे सगळ्या गेल्या, असं धरून चालले. माझ्याजवळच्या बाया पळाल्या. त्यांना बघून त्यांच्या पलीकडच्या पळाल्या. लंकाबाई टोकाला, पाठमोरी बसली होती. ती हातोडा मारत राहिली.

चौकशीला तेच साहेब आले. पुन्हा काम थांबलं, पुन्हा मी खणखणीत वाजलो. "घंटा ठीक आहे. बाईच बेपर्वा," असं म्हणून ते गेले. आता लंकाबाईच्या पोरांना लोक सांगतात, तुमची आई ऐकूनसुद्धा उठली नाही.

कडूबाईनं आबासाहेबांना गाठलं.

"मुकादम, सुरुंग लावू नका. नुसतं बडवा. आमी हातोडे चालूच ठेवतो. जिला ऐकू यील तिनं हात वर करायचा."

"येडी झालीस का? सायबांनी तपासलंय की."

"त्यांनी त्यांच्या कानानं तपासलं. लंका काय त्यांच्या कानानं ऐकत हुती व्हय?"

आबासाहेब बांधावर चढून उभे राहिले. सहादेवनं मला अंगातलं सगळं बळ लावून बडवलं. जवळच्या बायांनी हात वर केले. टोकाला एकही हात वर आला नाही. लंकाबाईच्या जागी कडूबाई बसली होती. तिचा हातोडा तसाच चालला होता.

"लई झालं, सहादेव. थांब आता," आबासाहेब म्हणाले आणि तिथंच बांधावर बसले.

त्यांनी कचेरीत जाऊन हे सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, चौकशी संपली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाला निरोप द्याल. घेणारा त्याच्या कामात बुडालेला असेल. निरोप पोचतो का, हे तेव्हाच तपासा. आणि पोचल्याचं उलट कळेपर्यंत पुढचं पाऊल टाकू नका.

उद्या दुपारी पुन्हा सुरुंग आहे. बायांनी ठरवलंय, नाल्याच्या टोकाहून लाल फडकं हललं तरच वात पेटवायची. साहेब, त्याला तुमची परवानगी लागते म्हणे. देताय की नाही? आणि माझा आवाज त्यांच्या आईपर्यंत पोचलाच नव्हता, हे लंकाबाईच्या पोरांना कोण जाऊन सांगणार? दुपारच्या आत बोला.