पिवळ्यावर जांभळा

बायको सकाळी नऊला गेली. मुलगी दुपारी तीनला पोहोचणार होती. तेवढ्या वेळात मास्तरांना एक चेहरा करायचा होता.

नाटक कंपनीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. तीस वर्षं नटांचे चेहरे रंगवले होते. पंचविशीच्या पोराला म्हातारा करायचं, पन्नाशीच्या बाईला सोळाची करायची, त्यावर घर चाललं. मेलेल्या माणसाला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. नाटकातलं मेलेलं माणूस पडदा पडला की उठून चहा मागतं.

बायकोनंच सांगून ठेवलं होतं. शेवटच्या आठवड्यात एकदा जरा हुशारी वाटली तेव्हा म्हणाली, "जन्मभर परक्या बायांची तोंडं रंगवलीत. एकदा माझंही रंगवा. फुकट." स्वतःच हसली, मग दम लागला. दम खाऊन म्हणाली, "पोरीला मी अशी पिवळी दिसायला नको. तिच्या डोळ्यांत शेवटी हेच तोंड राहील. शब्द द्या मला."

त्यांनी शब्द दिला होता.

त्यांनी रंगांची पेटी पलंगाशी आणून ठेवली तशी मेव्हणी दारातल्या खुर्चीवरून म्हणाली, "भावोजी, नाटकाचा रंग माझ्या ताईच्या तोंडाला?"

"तिनंच सांगितलंय."

"तिनं बरंच काही सांगितलं होतं. अंगाला खाज सुटते म्हणून सांगितलं. जेवण जात नाही म्हणून सांगितलं. तेव्हा कुठं ऐकलंत?"

"पलंग खिडकीशी घ्यायला हात लावता का?" मास्तर म्हणाले. दोघांनी मिळून पलंग सरकवला. मास्तरांनी पडदा बाजूला केला.

"आत्ता उजेड आठवला," मेव्हणी म्हणाली आणि परत जाऊन बसली.

ते खरंच होतं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. या घरात उलटं झालं होतं. जगच पिवळं होतं, त्यामुळे कावीळ दिसली नाही. दोन वर्षांपूर्वी या खोलीच्या भिंती मास्तरांनी स्वतःच्या हातानं पिवळ्या रंगवल्या होत्या. खोलीला ऊन कमी, म्हणून. वर दिवाही पिवळाच लावला. पिवळ्या दिव्याखाली पिवळा रंग विरून जातो, हे ते हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवत. रंग एकटा कधी दिसत नाही, शेजारी काय आहे त्यावर दिसतो, हे तर ते उठता बसता बजावत. आणि घरी बायको महिनोन् महिने त्या भिंतीला टेकून बसली होती.

कळलं ते एका दुपारी. ते चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला ती नाट्यगृहात आली. आरशापुढे पांढऱ्याशुभ्र पोशाखातली एक नटी बसली होती. बायको तिच्या शेजारी उभी राहिली आणि मास्तरांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. बायकोचे डोळेसुद्धा पिवळे होते. डॉक्टर म्हणाले, "दोन महिने आधी आणायला हवं होतं."

मुलीनं त्याच्या कितीतरी आधी फोनवर आईला बघून विचारलं होतं, "बाबा, आई पिवळी दिसते का हो?" त्यावर मास्तर म्हणाले होते, "अगं, भिंत तशी, दिवा तसा. रंगातलं मला शिकवतेस होय?" पंधरा दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं, तेव्हाही त्यांनी हसण्यावारी नेलं. डॉक्टरांचं बोलणं तर तिला सांगितलंच नाही, आई जरा आजारी आहे, यायची घाई नको, एवढंच कळवलं.

त्यांनी ओल्या कापसानं चेहरा पुसून घेतला. पिवळ्याचा वैरी जांभळा. जांभळ्यात लाल आणि निळा दोन्ही असतात. ते पिवळ्याला भेटले की तिघांपैकी कुणाचंच चालत नाही, नुसता करडा उरतो. म्हणून आधी जांभळ्याचा पातळ हात द्यायचा, पिवळा मारायचा आणि मग वर माणसाचा रंग चढवायचा. मास्तरांनी बोटावर जांभळा घेतला. पहिला हात जास्त झाला. चेहरा राखेसारखा झाला. जिवंत माणसाचं रक्त आतून लाली देतं, रंगाऱ्याला अर्धं काम आयतं मिळतं. इथं आतून काहीच येत नव्हतं.

त्यांनी सगळं पुसलं आणि परत सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला जांभळा जेमतेम लावला. त्यावर गव्हाळ रंग, गालाला लाल, तोही इतका थोडा की लावलाय असं वाटू नये. ओठांना तिचा मूळचा काळपट गुलाबी. तो कसा बनवायचा याचा विचार करावा लागला नाही. मग दोन्ही हात, बोटांच्या पेरांपर्यंत.

मेव्हणी कधी जवळ येऊन उभी राहिली ते त्यांना कळलं नाही. बराच वेळ बघून ती म्हणाली, "माझ्या ताईसारखीच दिसतेय." आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

मुलगी तीनला आली. चपला न काढताच पलंगापाशी गेली, आईच्या कपाळाजवळ वाकली आणि खूप रडली. रडणं ओसरल्यावर मावशीचा हात धरून म्हणाली, "मला वाटलं होतं, ओळखूही येणार नाही. फार सोसलेलं दिसत नाही गं. अचानकच गेली म्हणायची. कुणाच्या हातात काय होतं?"

मावशीनं मास्तरांकडे पाहिलं. ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मास्तरांना फक्त गप्प बसायचं होतं. चेहरा इतका छान जमला होता की खोटं बोलायचीही गरज नव्हती. बायकोला दिलेला शब्दही पाळला गेला होता. पण तो शब्द चेहऱ्यापुरता होता.

"हा रंग मी लावलाय," ते म्हणाले. "तिनंच लावायला सांगितलं होतं, तो पुसू नकोस. खाली ती पिवळी आहे. तू म्हणाली होतीस तशीच. दोन महिने आधी नेली असती तर डॉक्टरांना काही करता आलं असतं."

मुलगी उभी राहिली. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"दोनदा."

"हो."

"मी तेव्हाच निघणार होते बाबा. बॅग भरली होती. तुम्ही हसलात म्हणून राहिले."

हे त्यांना माहीत नव्हतं. ते भिंतीला हात लावून उभे राहिले.

खाली गाडी आली. शेजारची चार माणसं वर आली. मुलगीही उचलायला पुढे झाली, पण मास्तरांना तिनं जागा दिली नाही. ते मागून जिना उतरले. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. गाडीत ठेवण्याआधी माणसं क्षणभर थांबली, तेव्हा मुलगी आईच्या डोक्याशी होती. तिनं मास्तरांकडे न बघता म्हटलं, "कानापाशी जांभळं राहिलंय."

खरंच राहिलं होतं. मास्तर पुढे झाले, अंगठ्यानं पुसू लागले. अंगठा इतका थरथरत होता की रंग पसरायला लागला.

"थांबा," मुलगी म्हणाली. तिनं आईचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "हं. आता पुसा."