माझ्यात नसलेली उसवळ

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. लाजेने तोंड लपवावे म्हटले, तर वरचा पुठ्ठाही आता धड राहिलेला नाही. माझ्या पोटात चाळीस हजार शब्द आहेत, पण आज मी दोनच शब्दांची गोष्ट सांगणार आहे. एक माझ्यात कसा आला आणि दुसरा नव्हता म्हणून काय झाले, ते ऐका.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तेव्हा एकेका अक्षराचा शिशाचा खिळा हाताने उचलून ओळी जुळवत. आमचा खिळे जुळवणारा माणूस कामाला वाघ होता. पण ज्या पंडितांनी मला लिहिले, त्यांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. 'चाहूल'मधला ल त्याला त वाटला आणि त्याने इमानाने 'चाहूत' जुळवले. चुका शोधायला बसलेले गृहस्थ त्या दिवशी सर्दीने बेजार होते. त्यांनी ते पान वाचले की त्यावर नुसते शिंकले, देव जाणे. झाले! 'चाहूत : कोणी येत असल्याची पुसट जाणीव' असा शब्द माझ्यात येऊन बसला. तो कुणाच्याही तोंडी कधी नव्हता. बिचारी चाहूल मात्र बाहेरच राहिली. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, पण मी मूग गिळून गप्प बसलो.

पुढे एका शाळेच्या वाचनालयात मला मोठा मान मिळाला. दाराजवळच्या उतरत्या फळीवर मी उघडा असे. मला हात लावण्याआधी मुलांना हात धुवावे लागत. कुठल्याही शब्दावरून वाद झाला की ग्रंथपाल म्हणत, "कोशात बघा, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल." हे ऐकून मी फुगून जात असे. 'चाहूत'ची आठवण तेव्हा मी मुद्दाम काढत नसे.

दरवर्षी तिथे शब्दांची स्पर्धा होई. चिठ्ठीत निघालेल्या अक्षराचा शब्द सांगायचा, तो आधी कुणी सांगितलेला नसावा आणि माझ्यात सापडावा, तरच गुण. एका वर्षी शेवटी दोघी उरल्या. एक घोकंपट्टीत पटाईत होती. ती मला पाठ करूनच आली होती. दुसरीला सगळे टाचणी म्हणत. अंगाने ती तशीच होती, शिवाय तिची आई समोरच्या गल्लीत कपडे शिवायची. त्या दिवशी आईही मशीन बंद करून आली होती. गळ्यातली मापाची फीत काढायलाही ती विसरली होती. ती मागच्या बाकावर अंग चोरून बसली.

टाचणीला उ निघाला. उंदीर, उशी, उन्हाळा, सगळे केव्हाच संपले होते. तिने आईकडे पाहिले, तिचा चेहरा उजळला आणि ती म्हणाली, "उसवळ!"

स्पर्धा घेणाऱ्या बाईंनी माझे पान काढले. त्यांचे बोट 'उसवणे'वरून निघाले आणि थेट 'उसळणे'वर जाऊन थांबले.

"नाही," बाई म्हणाल्या. "असा शब्दच नाही."

"आहे, बाई. माझी आई रोज म्हणते."

"घरात काय, माणसं काहीही म्हणतात गं. कोशात नाही म्हणजे नाही."

मुले हसली. मग त्या घोकंपट्टीवालीला च निघाला. तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "चाहूत!" मुले पुन्हा हसली. "बाई, चाहूल म्हणायचंय तिला!" कुणीतरी ओरडले. बाईंनी पाहिले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"चाहूत आहे," त्या म्हणाल्या. "चाहूल दिसत नाही. असो, छापलंय म्हणजे आहे."

आणि ती जिंकली. मित्रांनो, मला त्या वेळी धरणीने पोटात घेतले असते तर बरे झाले असते. माझे खोटे नाणे खपले होते आणि त्या पोरीचे खरे नाणे माझ्याच जिवावर परत केले गेले होते.

बाहेर पडताना माय-लेकी माझ्या फळीपाशी क्षणभर थांबल्या. आईने टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला. टाचणीने तो झटकला.

"तुझ्यामुळे हरले मी. तुझा शब्द खोटाय. पुन्हा कुणासमोर बोलू नकोस."

"बरं," आई म्हणाली. एवढेच. गळ्यातली फीत काढून बोटांवर गुंडाळत ती बाहेर गेली.

वर्षे सरली. शब्द शोधायला मुले पडद्यांवर बोटे फिरवू लागली आणि मी फळीवरून कपाटात गेलो. माझी शिवण सैल झाली, पाने सुटू लागली. नव्या ग्रंथपालांना रद्दीत द्यायला जीव होईना, म्हणून त्यांनी मला शिवायला दिले. कुणाकडे, ते तुम्ही ओळखलेच असेल.

तिचे केस पांढरे झाले होते. टाचणी आता नोकरीला होती. कामावरून येऊन ती शेजारीच चहा पीत बसली होती. आईने पात्याने माझे जुने टाके कापले आणि दोरा ओढून काढला. तो नागमोडी निघाला. प्रत्येक टाक्याचे वळण त्यात तसेच राहिले होते. तिने तो उजेडात धरला.

"बघ, किती लांब उस..." ती म्हणाली आणि थांबली. मग लेकीकडे न बघता तिने वाक्य सुधारले. "दोरा निघाला. टाकून देऊ?"

तेव्हा कुठे मला कळले, उसवळ म्हणजे काय. तो दोरा इतकी वर्षे माझ्याच पाठीत होता. चाळीस हजार शब्दांत त्याला नाव देणारा एकही नव्हता.

टाचणीने कप खाली ठेवला. "उसवळ म्हण ना, आई."

"नको गं. तो शब्द नाहीये ना."

ती रागाने बोलली नाही, म्हणून मला जास्त लागले. टाचणीचे डोळे भरून आले. तिने मला जवळ ओढले, उ काढला आणि पेन्सिल घेतली.

"अगं, शाळेचं पुस्तक आहे ते! ओरडतील आपल्याला!"

"ओरडू देत." तिने समासात लिहिले, 'उसवळ : शिवण उसवल्यावर निघालेला, टाक्यांची वळणे राहिलेला दोरा.' मग मला आईपुढे धरले. "बरोबर आहे का? तू सांग."

आईने एकेक अक्षर वाचले. मग म्हणाली, "सुती दोरा लिही. रेशमाची उसवळ होत नाही. रेशीम लगेच सरळ होतं."

टाचणीने 'सुती' लिहिले.

मित्रांनो, मी पुन्हा त्याच कपाटात आहे. माझ्यातली चाहूत अजून शाईत आहे आणि उसवळ पेन्सिलीत, एका खोडरबराने पुसली जाईल अशी. याची लाज मला जन्मभर पुरेल. आमची पाने दुमडू नका, शिवण सुटली तर शिवून घ्या, हे तर सांगतोच. पण एखाद्याचा शब्द माझ्यात सापडला नाही, तर नाही म्हणण्याआधी त्याला 'म्हणजे काय?' एवढे विचारा. त्या दिवशी खोली माणसांनी भरली होती, पण हे कुणीही विचारले नाही. सांगणारी तर मागच्याच बाकावर बसली होती.