माझी सरळ रेघ

मी एक जुना ओलावामापक आहे. मित्रांनो, तुम्ही शाळेच्या सहलीला आमच्या या विधानभवनात येता, घुमटाखाली माना वर करून उभे राहता आणि मग या काचेच्या कपाटापाशी येता. गोधडी सगळ्यांनाच आवडते. तिच्या शेजारी शिवणयंत्राएवढा जो पितळी डबा दिसतो, तो मी. "आणि हे काय आहे?" असं तुमच्यातलं कोणीतरी हमखास विचारतं. तेव्हा मला वाटतं, कुठे तोंड लपवावं. पण ही जागा मला चुकून मिळालेली नाही. ती का मिळाली, ते मीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म मोठ्या सरोवराकाठच्या एका शहरात, घड्याळं बनवणाऱ्या एका कारागिराच्या हातून झाला. त्याने मला एक उभा ढोल दिला. किल्ली दिली की हा ढोल आठवड्यात एकदा स्वतःभोवती फिरतो. ढोलावर चौकटींचा कागद गुंडाळायचा आणि त्यावर शाईची दोन टोकं टेकवायची. एक टोक उष्णता लिहितं, दुसरं हवेतला ओलावा. हा ओलावा मला कळतो केसांमुळे. हसू नका, माझ्या आत खऱ्याखुऱ्या माणसाच्या केसांची जुडी ताणून बसवलेली आहे. दमट हवेत केस लांबतात, कोरड्या हवेत आखडतात, आणि तेवढ्यावर माझं टोक वर-खाली होतं. कारागिराने बरेच नमुने पाहून एका सोनेरी केसांच्या मुलीचे केस निवडले होते. तिचं नाव मला कोणी सांगितलं नाही, आणि आता वाटतं, माझं नाव तिला कळलं नाही तेच बरं.

तिथून मी इथल्या तळघरात आलो. तिथे गव्हर्नरांची तैलचित्रं होती, पहिल्या सभागृहातल्या खुर्च्या होत्या, लढाईतले फाटके झेंडे होते. आणि एका लांब चपट्या पेटीत होती ही गोधडी. फार वर्षांपूर्वी या राज्यातल्या सहाशे बारा बायकांनी मताचा हक्क मागितला, तो कापडावर. प्रत्येकीने पांढऱ्या चौकोनावर लाल दोऱ्याने आपलं नाव टाचलं. मग सगळे चौकोन जोडून त्यांनी ती गोधडी आमदारांच्या टेबलावर नेऊन पसरली. आमदारांनी तिची घडी घातली आणि ती खाली पाठवून दिली. हक्क पुढे मिळाला, पण गोधडी खालीच राहिली.

या सगळ्याची राखण लॉर्ना वेसेली यांच्याकडे होती. लॉर्नाबाई सडपातळ, कामाला वाघीण, आणि त्यांना दुसऱ्याची लुडबुड खपत नसे. दर सोमवारी सकाळी त्या माझा कागद बदलत, किल्ली देत आणि शाईचा थेंब भरत. महिन्यातून एकदा माझी परीक्षा असे. एका दांडीला दोन तापमापक बांधलेली फिरकी त्यांच्याकडे होती. एका तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं असे. जत्रेतल्या खुळखुळ्यासारखी ती फिरकी दोन मिनिटं जोराने गरागरा फिरवायची, दोन्ही आकडे वाचायचे, आणि त्यावरून हवेतला खरा ओलावा काढायचा. माझा आकडा चुकला असेल तर त्या माझे केस मऊ कुंचल्याने धुवायच्या, सांधे पुसायच्या आणि वहीत बरोबरची खूण करायच्या. ती परीक्षा मला आवडत नसे. पण त्या वर्षांत माझं लिहिणं खरं होतं. बाहेर बर्फ वितळलं की माझी रेघ चढायची, हिवाळ्यात बॉयलर पेटला की उतरायची.

मग लॉर्नाबाईंचा उजवा खांदा धरला. आधी त्या फिरकी एकच मिनिट फिरवू लागल्या. मग एका महिन्यात त्यांनी ती हातात घेतली, डोळे मिटले आणि पुन्हा खुंटीला अडकवली. वहीत मात्र बरोबरची खूण केली. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. खांदा गेला म्हटलं तर तळघराच्या किल्ल्याही जातील, ही त्यांची भीती मला तिथल्या तिथे दिसत होती. पुढच्या महिन्यात फिरकी खुंटीवरून खाली उतरलीच नाही. खूण तेवढी झाली.

माझ्या केसांवर धूळ बसत गेली. ते मेणचट झाले, दांडीचा सांधा घट्ट झाला, आणि माझं टोक एका जागी बसलं. अठ्ठेचाळीसवर. शंभरात अठ्ठेचाळीस म्हणजे ना फार ओलं, ना फार कोरडं; जुन्या वस्तू जपणाऱ्या आमच्यासारख्यांकडे हा फार चांगला आकडा.

इथून पुढचं सांगताना मला लाज वाटते. त्या सरळ रेघेचं कौतुक होऊ लागलं. दुसऱ्या संग्रहालयातून पाहणीला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "अशी रेघ मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. बाई, तुम्ही हवेला शिस्त लावलीत." लॉर्नाबाई लाजल्या. त्यांनी तो कागद भिंतीवर लावला. मला कळत होतं, मित्रांनो. केसांना ओल जाणवत होती, किंचित ओढ बसत होती, आणि टोक हलत नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी देखणा म्हटलं होतं. शाबासकी गोड लागली आणि मी गप्प बसलो.

त्याच सुमाराला विधानभवनाच्या भिंतींची डागडुजी झाली होती. त्यानंतरच्या वसंतात बॉयलर आणि नळ बघणारा डेल हॉगन पायऱ्या उतरून आला. तो मला केसाळ्या म्हणायचा.

"लॉर्ना, इथे वास येतोय."

"कसला?"

"ओल्या मोज्यांचा."

"मग तुझेच असतील. रविवारी मासे धरायला बूट घालून नदीत उतरला होतास ना?"

"चेष्टा पुरे. त्या मिस्त्र्यांनी दगडांच्या सांध्यांतला चुना खरवडला आणि सिमेंट भरलं. बाहेरून भिंत झकास दिसते. पण आधी चुन्यातून ओल बाहेर जायची, ती आता कुठे जाणार? ती आत येतेय, तुझ्या पेट्यांकडे. एकदा उघडून बघ."

"गोधडी वर्षातून एकदाच उघडायची. जितका हात कमी लागेल तितकं बरं. आणि हे बघ." लॉर्नाबाईंनी माझा कागद त्याच्या नाकासमोर धरला. "अठ्ठेचाळीस. मागच्या आठवड्यात अठ्ठेचाळीस. त्याच्या आधीही अठ्ठेचाळीस."

"आणि परवा एवढा पाऊस कोसळला तेव्हा?"

"तेव्हाही."

"माझा गुडघासुद्धा त्या दिवशी बोंबलत होता, आणि तुझा केसाळ्या ढिम्म हलला नाही?"

"मग तुझ्या गुडघ्याची रेघ काढून आण. नंतर बोलू."

डेल माझ्याकडे बघत उभा राहिला. त्या क्षणी माझ्यावर कोणी जोराने टिचकी मारली असती तरी टोक सुटलं असतं. पण तो माझ्या वाटेला गेला नाही. "तुझा लाडका आहे, मी काय बोलू," असं म्हणून तो निघून गेला. लॉर्नाबाईंनी खुंटीवरच्या फिरकीकडे एकदा पाहिलं आणि खांदा चोळला.

मे महिन्यात राज्याचा स्थापनादिन आला. त्या दिवशी दरवर्षी आर्डिस टोलेफसन येत. ब्याऐंशी वर्षांच्या या आजी दोन तास बसमधून, मांडीवर लेफ्सांचा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांचा, डबा घेऊन यायच्या. त्यांच्या आईचं नाव या गोधडीवर होतं, इंगा लोकेन. आई सतरा वर्षांची असताना तिने ते टाचलं होतं. पुढे शेतावरचं घर जळालं, त्यात फोटोही गेले, पत्रंही गेली. आईच्या हातचं म्हणून आर्डिसबाईंकडे जगात एवढंच उरलं होतं, टाचलेले दोन शब्द. दरवर्षी त्या विचारायच्या, "बोट लावू का? हळूच." आणि दरवर्षी लॉर्नाबाई नकारार्थी मान हलवायच्या.

या वेळीही लॉर्नाबाईंनी हातमोजे घातले आणि पेटीचं झाकण उचललं. वास आधी आला. भिंतीकडच्या कोपऱ्यातला मऊ कागद हिरवट-करडा झाला होता. लॉर्नाबाईंनी तो उचलला, तसा कापडाचा चुरा त्याला चिकटून वर आला. सात चौकोनांवर बुरशी चढली होती. एका चौकोनातला लाल दोरा पार विरून गेला होता, मागे नुसता गुलाबी डाग होता.

आर्डिसबाईंनी चष्मा लावला, ओळी मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"इथेच होतं ना हो?"

लॉर्नाबाईंनी त्या गुलाबी डागाकडे बोट केलं.

"मी दरवर्षी विचारायचे, बोट लावू का," आर्डिसबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही म्हणायचात, हाताचा ओलावा लागेल."

त्यांनी लेफ्सांचा डबा टेबलावर ठेवला आणि त्या जिना चढून निघून गेल्या. मी तेव्हाही लिहीत होतो. अठ्ठेचाळीस.

आठवड्याभरात चौकशी समिती बसली. मला उचलून वर नेलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. अध्यक्षांना हे प्रकरण लवकर मिटवायचं होतं. ते म्हणाले, "यंत्र जुनं होतं, दगा दिला. असं लिहून टाकू या. कोणाचीच चूक नाही." मला ते मान्य होतं. दगा मी दिलाच होता, तेवढ्याने सुटका होत असेल तर माझी काही तक्रार नव्हती. डेल कोपऱ्यात टोपी हातात फिरवत बसला होता. वासाचं त्याने लॉर्नाबाईंशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं.

लॉर्नाबाईंनी आपली वही उघडून माझ्याशेजारी ठेवली.

"यात शेवटच्या चौदा खुणा खोट्या आहेत," त्या म्हणाल्या. "माझा खांदा धरला होता. फिरकी फिरवता येत नव्हती आणि सांगायची लाज वाटली. डेलने मला सांगितलं होतं, वास येतोय म्हणून. मी त्याला हसले. यंत्राला तपासायचं असतं. ते मी केलं नाही."

"लॉर्ना, एवढं कशाला," अध्यक्ष पुटपुटले.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

किल्ल्या गेल्या. नवीन राखणदार आली, भिंतीतलं सिमेंट काढून पुन्हा चुना भरला गेला, जाणकारांनी गोधडी वाळवली आणि उरलेले चौकोन वाचवले. लॉर्नाबाईंना शाळेच्या मुलांना भवन दाखवायचं काम मिळालं. पानगळीच्या दिवसांत त्यांनी आर्डिसबाईंना पत्र लिहिलं. आर्डिसबाई आल्या. या वेळी डबा नव्हता. गोधडी टेबलावर पसरलेली होती.

"हात धुऊन येऊ का?" त्यांनी विचारलं.

"नको. लावा."

आर्डिसबाईंनी त्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवलं.

"सुईची भोकं आहेत," त्या म्हणाल्या. "लागतात हाताला. हे तिसऱ्या अक्षराचं, 'जी'चं शेपूट. तिचं नेहमी वाकडं यायचं." मग त्यांनी पर्स उघडली. "माझ्याकडे लाल दोरा आहे. याच भोकांतून टाचून देते, कोणाला कळणारही नाही."

"नाही टाचता येणार," लॉर्नाबाई म्हणाल्या. "ते तुमच्या हातचं होईल. तिच्या हातचं गेलं. ते मी घालवलं."

आर्डिसबाईंनी पर्स मिटली.

"मग तसंच राहू दे. पण खाली लिहा, कसं गेलं ते."

"लिहिते."

"तुमचं नाव घालून."

"हो. माझं नाव घालून."

म्हणून गोधडीखाली ती पाटी आहे, मित्रांनो. इंगा लोकेनचं नाव इथे होतं, आणि ते कोणाच्या चुकीने गेलं, हे तिच्यावर लिहिलं आहे. मला शेजारी बसवा, असं लॉर्नाबाईंनीच सुचवलं. खाली तळघरात आता दोन नवी यंत्रं एकमेकांवर नजर ठेवतात, आणि तरी डेल महिन्यातून एकदा फिरकी फिरवून त्या दोघांचीही परीक्षा घेतो. लॉर्नाबाई तुमच्यापैकी एकाच्या हातात दुसरी फिरकी देतात आणि म्हणतात, "फिरव जोरात. माझा खांदा दुखतो." हे त्या आता कोणालाही सांगतात.

माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. तुम्हाला जपायला काही दिलं, मग ती वस्तू असो की कोणाचं नाव, तर आकडा छान दिसतो म्हणून निर्धास्त बसू नका. नाकाला वास आला तर झाकण उघडा. हात दुखत असेल तर तसं सांगा. आणि माझ्यासारख्याची स्तुती करण्याआधी त्याला एक टिचकी मारून बघा.

माझा ढोल आता थांबलेला आहे. त्यावर त्या मे महिन्यातला कागद तसाच गुंडाळलेला आहे. आधी गोधडीतला तो कोरा चौकोन नीट बघा. मग माझ्याकडे वळा आणि माझी रेघ बघा. किती सरळ आहे ती.